तू नसलीस तर वर्गाचं काय अडेल?

परदेशातल्या बिझनेस स्कूलच्या अर्जांचा हंगाम आणि आमच्याकडचा गणपतीचा हंगाम साधारण एकाच सुमाराला येतो. मी कुणी सल्लागार नाही. पूर्वी एमबीए केलं, पुण्यात मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं नोकरी केली आणि आता सांगलीत विश्रामबागला राहते. पण 'मावशीला दाखव, ती बघेल' या घरगुती वशिल्यानं भाचरं, शेजारची मुलं, मैत्रिणींच्या सुना आपापले निबंध व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असतात. मोदकांची उकड काढता काढता मी दुसऱ्यांची आयुष्यं वाचते.

बाकीचे प्रश्न ही मुलं बरे लिहितात. पुढं काय करायचंय, एमबीएच का, आत्ताच का, याची उत्तरं कुणी ना कुणी पढवलेली असतात. गाडी अडते ती एकाच ठिकाणी: आमच्या वर्गाला तुम्ही काय द्याल? व्हार्टन हे जवळपास याच शब्दांत विचारतं. इतर ठिकाणी तोच प्रश्न वेष पालटून येतो. ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा स्कूलनं तर कित्येक वर्षं अर्जदारांकडून स्वतःबद्दलच्या पंचवीस गोष्टींची यादी मागितली. आमच्या मुलांना वाटतं, ही काय गंमत! गंमत नसते ती. हा माणूस शेजारी बसला तर काय होईल, हे त्यांना बघायचं असतं.

त्यांना हे बघावंसं का वाटतं, ते समजल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नये. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये पहिल्या वर्षी साधारण नव्वद जणांची एक तुकडी असते आणि शिकवणं चालतं ते केसवर. एखाद्या कंपनीपुढचा खरा पेच छापून हातात देतात, तो रात्री वाचून यायचा, आणि सकाळी प्राध्यापक कुणाचंही नाव घेऊन विचारतात, तुम्ही असता तर काय केलं असतं? बऱ्याच विषयांत जवळपास निम्मे गुण वर्गात काय बोललात यावर असतात. म्हणजे फळ्यासमोरचा माणूस शिकवतो कमी, बोलतं जास्त करतो. आपल्याकडं अहमदाबादचं आयआयएम 1961 साली निघालं ते हार्वर्डच्या मदतीनं, आणि ही पद्धत तिथंही रुजली. फ्रान्समधलं इन्सिआड पाच-सहा जणांचे अभ्यासगट पाडतं, तेही मुद्दाम एकमेकांशी न जुळणाऱ्या माणसांचे. बँकवाला, डॉक्टर, लष्करातला माणूस, कारखान्यातला इंजिनिअर, सगळे वेगवेगळ्या देशांतले.

अशा ठिकाणी प्रवेश देणारा माणूस नुसता विद्यार्थी निवडत नाही, उरलेल्या एकोणनव्वद जणांसाठी अर्धा मास्तर निवडत असतो. शाळेतली अंगतपंगत आठवा. सगळ्यांनीच बटाट्याची भाजी आणली तर पंगत होते, पोटही भरतं, पण मजा येत नाही. आपल्या देशातून जाणाऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात बटाट्याची भाजी फार असते: इंजिनिअर, सॉफ्टवेअरची नोकरी, गणितात तल्लख, मॅरेथॉन पळालेला, एखाद्या अनाथाश्रमात शनिवारी शिकवलेला.

यंदा माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा अर्ज होता. इंजिनिअर, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. तिचा पहिला मसुदा असा होता: मी कन्सल्टिंग क्लबमध्ये सक्रिय सहभाग घेईन, भारतीय सणांचं आयोजन करीन, माझा वैविध्यपूर्ण दृष्टिकोन वर्गाला समृद्ध करील. शुद्धलेखन चोख. मी विचारलं, "यातली तू कुठली?" ती म्हणाली, "मावशी, सगळे असंच लिहितात गं." हो ना. हाच मसुदा जयपूरच्या मुलानं किंवा कोइमतूरच्या मुलीनं जसाच्या तसा पाठवला असता तरी कुणाला कळलं नसतं.

दुसऱ्या मसुद्यात ती उलट्या टोकाला गेली आणि सगळी सांगली निबंधात ओतून आली. नाट्यपंढरी, विष्णुदास भावे, 1843 सालचं 'सीतास्वयंवर', हळदीची पेठ, त्या हळदीला 2018 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, हरिपूरचा संगम, जमिनीत खणलेली हळदीची पेवं. वाचून मला ऊर भरून आला, मी सांगलीची ना! पण तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसले तेव्हा प्रश्न पडला, भाव्यांनी नाटक केलं, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी ते करवून घेतलं, यात या पोरीनं काय केलं? गावाचं भांडवल आपल्या नावावर जमा करायची खोड आपल्याला सगळ्यांनाच आहे. कोल्हापूरचा मुलगा शाहू महाराज लिहितो, साताऱ्याचा अजिंक्यतारा लिहितो. महाराज आणि किल्ला दोघांनाही प्रवेश मिळेल, अर्जदाराचं काही सांगता येत नाही.

मी एमबीए करत होते तेव्हाची एक गोष्ट मी या मुलांना नेहमी सांगते. वर्गात दूध व्यवसायावर चर्चा होती. आम्ही शहरी पोरी-पोरं दराबद्दल तावातावानं बोलत होतो. लिटरला एवढा वाढवला तर शेतकरी या डेअरीकडून त्या डेअरीकडं जाईल की नाही, त्याचे तक्ते मांडत होतो. मागच्या बाकावर शिराळ्याकडचा एक मुलगा होता. इंग्रजीला बिचकायचा, तोवर वर्गात फारसा बोललाच नव्हता. तो उठला आणि म्हणाला, आमच्याकडं दूध रोज दोन वेळा घालतात आणि बिल दहा दिवसांनी येतं. दहाव्या दिवशी बिल नक्की येणार असेल तर माणूस दर थोडा कमी असला तरी हलत नाही. फॅट कुणासमोर लावतात, एसएनएफ (म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) कोण वाचतो, यावर शेतकरी जास्त बोलतो. एवढं बोलून खाली बसला. सगळी चर्चा जागच्या जागी फिरली. आम्ही भावाचं गणित सोडवत होतो आणि प्रश्न विश्वासाचा नि हातात पैसा कधी पडतो याचा होता. वर्गाला देणं म्हणतात ते हे, असं मी तेव्हा बघितलं. क्लबचं अध्यक्षपद त्या मुलाला कधी मिळालं नाही.

तर मी भाचीला म्हटलं, तुझ्या घरात असं काय आहे जे त्या नव्वद जणांतल्या कुणाच्याच घरात नसेल? ती विचारात पडली. उत्तर तिच्या वडिलांच्या कपाळावरच लिहिलेलं होतं, म्हणजे अक्षरशः. हळदीच्या मोसमात दाजी घरी येतात तेव्हा भुवयासुद्धा पिवळ्या असतात. मार्केट यार्डात त्यांची अडत आहे.

अडत हा धंदा बाहेरून फार सोपा दिसतो. शेतकऱ्यानं हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणायची, अडत्यानं ती दुकानासमोर मांडायची, खरेदीदारांनी हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, सौदा व्हायचा, अडत्यानं आपली अडत, म्हणजे दलाली, घ्यायची. पण पैशाकडं बघा. शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विकल्या मालाचा हिशेब नि पैसे, लगेच हवी असते आणि खरेदीदार पैसे सावकाश देतो. मधले दिवस कुणाचे? दाजींचे. म्हणजे हा माणूस हळद विकत नाहीच, तो वेळ विकतो. कुठला खरेदीदार कधी पैसे देईल आणि कुठला तोंड चुकवेल, हे तो आयुष्यभर नुसत्या माणसाच्या चालीवरून ओळखत आला. भाची लहानपणापासून रविवारी दुकानात बसायची, पट्ट्या लिहायची. खेळतं भांडवल आणि उधारीची जोखीम हे विषय तिथल्या वर्गात जेव्हा पाठ्यपुस्तकातून सुरू होतील तेव्हा हिच्याकडं सांगायला माणसं असतील. हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण घरात जे रोज दिसतं त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही.

हे आलं तेव्हा निबंध बराच सुधारला. तरी मला तो पुरा वाटेना. माहिती असणं वेगळं आणि ती दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी वागणूक असणं वेगळं. घरात अडत असलेली मुलगी वर्गात दोन वर्षं गप्प बसून राहू शकते. निवडणाऱ्याला दुसरी खात्री लागते: ही बाई चार अनोळखी माणसांत पडली की काय करते? आणि याचं उत्तर 'मी करीन' अशा भविष्यकाळात देऊन चालत नाही. आधी केलेलं दाखवावं लागतं. ज्यानं आजवर कधी कुणासाठी काही जुळवून आणलं नाही तो तिथं गेल्यावर एकदम जुळवायला लागेल, यावर कुणी का विश्वास ठेवावा?

मग साहजिकच पूर आला. निबंधात म्हणते. सांगलीच्या मुलांच्या अर्जात पूर आल्याशिवाय राहत नाही. 2005 चा, 2019 चा, 2021 चा, ज्याच्या वयाला जो सोसला तो. मला या पुराच्या निबंधांचा मनापासून कंटाळा येतो. पुराचा कंटाळा नाही, तो सोसलेलाच आहे. पण पूर इतका मोठा असतो की लिहिणारा त्यात दिसेनासा होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं, धोक्याची पातळी 45 ची, बोटी आल्या, लष्कर आलं, आम्ही फूड पॅकेट्स वाटली. ह्या 'आम्ही'त तू कुठं उभी होतीस? आपल्याकडं हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं. चारचौघांनी मिळून केलेल्या कामात 'मी' म्हणायला जीभ रेटत नाही. संस्कार चांगलाच आहे, पण मुलाखत घेणारा परका माणूस थंडपणे विचारतो, तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत? आणि आमची मुलं गोंधळतात, जणू चोरी पकडली.

भाचीनंही तसंच लिहिलं होतं: आम्ही गल्लीतल्या दुकानदारांना मदत केली. मी म्हटलं, कशी, ते सांग. लिहू नकोस, नुसतं बोल. मग ती बोलली, आणि जे आलं ते मला सख्खी मावशी असून माहीत नव्हतं.

बहिणीचं घर गणपती पेठेत, जुनं, वर माडी असलेलं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढायला लागलं तसा आसपासच्या किराणा दुकानदारांनी माल हलवायला सुरुवात केली आणि ज्याची माडी त्याच्याकडं धाव घेतली. साखरेची पोती, रव्या-मैद्याचे कट्टे, तेलाचे डबे, चहाची खोकी. सगळे घाईत, जिन्यात रेटारेटी. ही तेव्हा इंजिनिअरिंगला होती, सुट्टी पडल्यामुळं घरी. ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, नाव आणि नग सांगितल्याशिवाय काही वर जाणार नाही. लाइट गेलेले, मोबाइलची बॅटरी संपत आलेली, म्हणून तिनं दाजींच्या जुन्या रोजमेळाची कोरी पानं घेतली. प्रत्येक दुकानाला एक अक्षर दिलं, पोत्यावर मार्करनं तेच अक्षर. कुणाचा माल कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला, ते लिहिलं आणि मालकाची सही घेतली. दोघे-तिघे चिडले. पाणी उंबऱ्याला आलंय आणि ही पोरगी सह्या मागते! दाजींची स्वतःची पोतीसुद्धा तिनं तशी वर जाऊ दिली नाहीत.

पाणी ओसरल्यावर खाली चिखल आणि कुजका वास, वर अनेक दुकानांचा माल एकमेकांत मिसळलेला. एकसारखी पोती, एकसारखे डबे. त्या दिवसांत भांडणाला काय कारण लागतं? सगळ्यांचं नुकसान झालेलं, सगळ्यांचं डोकं फिरलेलं. तिच्या पानांवरून माल वाटला गेला आणि कुणाचा कुणाशी वाद झाला नाही.

मी म्हटलं, बाई गं, हे असताना तू कन्सल्टिंग क्लब कुठं घेऊन बसलीस!

खरी मजा पुढं आहे. मी सहज विचारलं, ऑफिसात असं काही? ती म्हणाली, तसं काही नाही, फक्त ते शिफ्टचं पान. त्यांच्या टीममध्ये एक पाळी पुण्याची, एक परदेशातली. पाळी बदलली की कामं मधल्यामध्ये गळून पडायची आणि सकाळी एकमेकांवर ढकलाढकली. तिनं कुणी न सांगता एक पान सुरू केलं: काय अडलंय, कुणाकडं अडलंय, कुणी कबूल केलंय. हळूहळू शेजारच्या टीमनीही ते उचललं. तिला या दोन गोष्टींत काही नातं दिसत नव्हतं. मला तर तोच जिना दिसत होता.

अनोळखी, घाईतली, एकमेकांवर फारसा विश्वास नसलेली माणसं एकत्र आली की ही मुलगी कुणाचं काय, हे आधी सगळ्यांसमोर लिहून ठेवते, म्हणजे मग माणसं मोकळेपणी काम करतात. पाच-सहा जणांच्या अभ्यासगटाला पहिल्या महिन्यात याचीच गरज असते. तिथं सगळे हुशार असतात, सगळे दमलेले असतात, आणि 'मला वाटलं तू करणार होतास' या वाक्यानं गट फुटतात. म्हणून मी तिला सांगितलं, क्लबांची यादी काढून टाक, अभ्यासगटाचं लिही. त्या स्कूलमध्ये शिकलेल्या दोघांशी फोनवर बोल आणि गट कधी पाडतात, पहिलं काम कुठलं पडतं, ते विचार. त्यांच्या वेबसाइटवरचं कौतुक त्यांनाच परत वाचून दाखवण्यात काही अर्थ नसतो, ते त्यांनीच लिहिलेलं असतं.

एक धास्ती मात्र मला होती आणि ती मी बोलूनही दाखवली. गटात टिपणं काढायचं काम बाईमाणसावर ढकलायची रीत जगभर आहे. निबंध वाचून कुणाला वाटायला नको की चला, कारकून मिळाली. म्हणून सह्या मागण्याचा प्रसंग, चिडलेले दुकानदार, वडिलांची अडवलेली पोती, हे सगळं राहायला हवं. यादी लिहिणं सोपं आहे. यादीशिवाय जिना चढू न देणं अवघड, आणि तिथं ती पोरगी दिसते.

आता राहता राहिली आपली जुनी अडचण: आपलीच पाठ आपण कशी थोपटायची? चांगलं माणसानं करावं, सांगावं दुसऱ्यानं, असं आपण ऐकत वाढलो. माझं मत असं की या संस्थांनी त्याची सोय ठेवलेली आहे. शिफारसपत्र म्हणजे दुसरं काय? आणि ते नुसतं 'मुलगी गुणी आहे' असं चालत नाही. बऱ्याच ठिकाणी साहेबाला विचारतात, तुम्ही या व्यक्तीला कुठली सुधारणा सुचवली होती आणि तिनं त्यावर काय केलं? म्हणजे अर्जदारानं स्वतःबद्दल लिहिलेलं आणि साहेबानं त्याच्याबद्दल लिहिलेलं एकमेकांशी जुळतं का, हे बघितलं जातं. भाचीला मी सांगितलं, साहेबांना भेट, त्या पानाची आठवण दे आणि पुढचं त्यांच्यावर सोड. मसुदा लिहून देऊ नकोस. आपल्याकडं सर्रास 'तूच लिहून आण, मी सही करतो' चालतं. ते मला मुळीच पसंत नाही. दोन्ही कागदांना एकच वास येतो.

व्हार्टनची तऱ्हा तर मला फार आवडते. तिथं मुलाखतीच्या टप्प्यावर पाच-सहा अर्जदारांना एकत्र आणून एक काम देतात आणि नुसतं बघतात. कोण बोलू देतो, कोण दुसऱ्याचा मुद्दा उचलून पुढं नेतो, घड्याळाकडं कोण बघतो. गप्प बसलेल्याला कुणी आत ओढलं का, हेही. निबंधात काहीही लिहिता येतं. तिथं बसल्यावर अर्ध्या-पाऊण तासात माणूस उघडा पडतो. कोचिंग क्लासवाले त्याचीही तालीम घेतात म्हणे. घेऊ देत.

शेवटचा मसुदा तिनं वडिलांना वाचून दाखवला. मराठीत सांगत, कारण दाजींचं इंग्रजी पट्टीपुरतं. दाजी चहा पीत ऐकत होते. मी मनात म्हटलं, आता डोळे पुसतील. ते म्हणाले, "ते दोन डबे लिहिलेस का?"

कुठले डबे? मलाही माहीत नव्हते. झालं असं होतं की माल परत देताना एका दुकानदाराचे तेलाचे दोन डबे भरेनात. यादीत होते, माडीवर नव्हते. तो मोजायला येण्याआधीच ही त्याच्या दुकानात गेली, चिखल उपसत होता तिथं, आणि म्हणाली, काका, तुमचे दोन डबे सापडत नाहीत, यादीत आहेत, जबाबदारी माझी. मग दाजींनी पैसे देऊ केले, त्या माणसानं घेतले नाहीत, आणि पुढं चार दिवसांनी एक डबा दुसऱ्याच दुकानात निघाला. दुसरा अजून निघालेला नाही. भाचीनं हे गाळलं होतं. "कमी पडलं ते कशाला सांगायचं?" असं तिचं म्हणणं. दाजी म्हणाले, "पेठेत तुझं नाव त्या यादीनं नाही झालं. तू आधी जाऊन सांगितलंस त्यानं झालं."

हे मला सुचायला हवं होतं, पण अडत्याला सुचलं. उधारीवर धंदा करणाऱ्या माणसाला नेमकं ठाऊक असतं की हिशेब चुकतो तेव्हाच माणूस कळतो.

डबे आले तशी शब्दमर्यादा ओलांडली. काहीतरी काढणं भाग होतं. तिनं पुराचं वर्णन उचललं आणि पुसून टाकलं, बोटी, लष्कर, पाण्याची पातळी, सगळं. नुसतं 'पाणी चढत होतं' एवढं ठेवलं. दाजींना ते काही पटलं नाही. सगळं काढ, पण आयर्विनचे 57 फूट तरी राहू देत, असा त्यांचा हट्ट. बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी तिनं त्यांना शब्दांचा आकडा दाखवला, त्यांनी चष्मा लावून तो तपासला, आणि म्हणाले, "बरं, काढ. पण मुलाखतीत सांग."